उंबऱ्याआतल्या तक्रारी

१२ जून १९९७, गुरुवार

चुकलंय. पुन्हा पुन्हा पाहिलं, चुकलंच आहे!

लीलाकाकूच्या वर्षश्राद्धाची चिठ्ठी. आपल्याच मशीनवर, माझ्याच हातांनी जानेवारीत काढलेली. आचाऱ्याला तारीख सांगायची म्हणून ढुंढिराजकाकांनी आज ती माझ्याकडे वाचायला पाठवली. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक छपाई दिसत नाही. चिठ्ठीवर २५ जून. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पंचविसाला ज्येष्ठ वद्य पंचमी. काकू गेली ती आषाढ वद्य पंचमीला. मी तिच्या उशाशी होते, मला कुणी सांगायला नको. म्हणजे २४ जुलै हवी. चांगला महिनाभर आधी काढून ठेवलंय श्राद्ध!

संध्याकाळी मशीन लावून बसले. शुद्ध पक्षातल्या तिथ्या सगळ्या बरोबर. वद्यातल्या सगळ्या महिनाभर आधी. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. दिवाळीनंतर कंपनीने जी नवी फ्लॉपी पाठवली ती हिंदी महिन्याने चालते. इथल्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्ष दोघांचा एकच. पण वद्य आला की ते आपल्यापेक्षा एक महिना पुढे! बाहेर गल्लीत आषाढ लागतो तेव्हा आपल्या घरात अजून ज्येष्ठच असतो. काशीतलं मराठी पोर हे दोन्ही महिने सांभाळतच मोठं होतं. मशीनने एकच धरला, आणि तो आपला नाही.

जानेवारीत मी दोन-चार तिथ्या पंचांगाशी ताडून पाहिल्या होत्या की! नेमक्या शुद्धातल्या निघाल्या.

ह्यांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "आत्ता नको. पुढच्या महिन्यात पुण्याला भागधारकांची सभा आहे. तोवर गप्प बस."

१३ जून

उकाडा. बिजली येते-जाते. कॉलेजला सुट्टी आहे म्हणून बरं, नाहीतर या डोक्याने मुलींना कसलं गणित शिकवणार होते?

सकाळी पुन्हा विषय काढला. "आपली कंपनी आहे, आपणच सांभाळून घ्यायचं," हे म्हणाले. आपली कशी? तर पुण्याची! मालक मराठी, मशीनचं नाव मराठी — ध्रुवांक — आणि पडद्यावर देवनागरी. चार वर्षांपूर्वी ह्यांनी ते कॉम्प्युटरचं खोकं घरी आणलं तेव्हा दुर्गाघाटची सगळी मराठी आळी बघायला लोटली होती. लीलाकाकूने त्याला हळदकुंकू लावलं. मग एकेकाने मशीन घेतलं. मग कंपनीने शेअर काढले, तेही एकेकाने घेतले. आता निम्म्या घरांत देवघराच्या फळीवर, गंगाजलाच्या गडव्याशेजारी ध्रुवांकचे शेअर ठेवलेले आहेत. इतकी श्रद्धा मी विश्वेश्वरावरही कुणाची पाहिली नाही. हे दिवसभर कॅन्ट स्टेशनला तिकिटाच्या खिडकीत बसतात आणि घरी आले की ध्रुवांकचे वकील होतात.

आणि मशीन चालवते कोण? मी. ढुंढिराजकाका म्हणजे तीर्थोपाध्ये, शेकडो घरांची श्राद्धं त्यांच्या तोंडपाठ. ते नाव आणि तिथी सांगायचे, मी टाइप करायची, मशीन वर्षभराच्या इंग्रजी तारखा काढून द्यायचं. चिठ्ठीच्या माथ्यावर काकांचं नाव. काकू शेजारी बसून प्रिंटरच्या कागदाच्या भोकाभोकांच्या पट्ट्या फाडायची आणि नको म्हटलं तरी जपून ठेवायची. कशाला, ते तिलाच ठाऊक. आळीतली जुनी घरं तरी कधीमधी पंचांग उघडतात. पण सिगरा, लंका, रेल्वे कॉलनी या लांबच्या वस्त्यांतली बँकेत-रेल्वेत बदलून आलेली मंडळी फक्त ही चिठ्ठी बघतात. चिठ्ठीत असेल त्या दिवशी पान वाढतात.

म्हणजे जानेवारीपासून ज्यांची ज्यांची वद्यातली तिथी होती... नको. मनातच आणायचं नाही असं ठरवलं होतं. आलंच.

१५ जून, रविवार

काकांकडे बैठक. ह्यांचं लाडकं 'ध्रुवांक मंडळ'. माझ्या मते शिव्या घालायचं मंडळ! कुणाची बटणं अडकतात, कुणाचा पडदा हिरवा पडतो, कुणाचा प्रिंटर एकदा सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही. नव्या फ्लॉपीत 'ळ'च नाही, सगळे काळे काले झाले. त्यावर हसून हसून पुरेवाट. चहाबरोबर कंपनीची सात पिढ्यांपर्यंत उजळणी होते.

पण एक नियम आहे, काकांनीच घातलेला. "बोलायचं ते उंबऱ्याच्या आत. बाहेर ध्रुवांक उत्तम!" चपला घालता घालता सगळे कसे गंभीर होतात, बघण्यासारखं असतं. बाहेरच्या कुणी ब्र काढला की हीच मंडळी त्याच्या अंगावर धावून जातात. दरवर्षी पुण्याहून छापील कार्ड येतं — काही तक्रार आहे का? हे सुवाच्य अक्षरात लिहितात, काही नाही. वर मंडळाचा शिक्का!

मी आज बोलणार होते. बोलले नाही. बिंदुमाधव नवे शेअर निघणार म्हणून इतका खुशीत होता! हा बँकेतला, मूळचा नागपूरचा, सिगऱ्याला राहतो. वय लहान, पण मंडळात सगळ्यांत कडवा. "वहिनी, बघाच तुम्ही, दोन वर्षांत दिल्लीवाल्यांची दुकानं बंद!" काका नुसते हसत होते. हल्ली आवाजाच्या दिशेने मान वळवतात आणि हसतात.

१७ जून

देवश्री बाहेरून आली ती फणफणतच. "आई, बाबांनी आज भर बाजारात इज्जत का कचरा कर दिया!" झालं असं की ठठेरी बाजारात तिच्या कॉम्प्युटर क्लासचे सर भेटले. सहज म्हणाले, "अंकल, वो पूनावाला डिब्बा अब तक रक्खे हैं?" झालं! "डिब्बा किसको बोल रहे हैं आप?" म्हणून ह्यांनी जलेबीवाल्याच्या कढईपाशी असा तमाशा मांडला की गायसुद्धा बाजूला झाली.

याच माणसाने परवा त्याच डिब्ब्याला घरात चापट मारली होती, बटण अडलं म्हणून.

देवश्री म्हणते, "तुम लोग कंपनी के मालिक हो कि भक्त?"  लंगडा आंबा कापून दिला, गप्प बसली.

१९ जून

काकांचा निरोप. आचारी ठरला, पंचवीस तारखेलाच. अजून बोलले नाही मी. थकवा आलाय नुसता.

२२ जून, रविवार

बोलले. आणि आता वाटतंय, कुठून दुर्बुद्धी झाली!

चहा झाल्यावर उभी राहिले. मी कधी उभी राहत नाही, त्यामुळे सगळे गप्प झाले. सरळ सांगितलं — नवी फ्लॉपी हिंदी महिन्याने चालते, वद्यातल्या सगळ्या तिथ्या महिनाभर आधी पडल्यात, काकूचं श्राद्ध पंचविसाला नाही, चोवीस जुलैला. आणि हे कंपनीला कळवायला हवं. उंबऱ्याबाहेर. सगळ्या घरांना सांगायला हवं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग जे सुरू झालं! "आत्ताच सुचलं का हे?" "सभा तोंडावर आलीये!" "भाव आधीच घसरतोय, त्यात आपल्याच माणसांनी बोंब मारायची?" कुणीतरी मागून म्हणालं, "एवढं होतं तर शेअर कशाला घेतलेत?" बिंदुमाधवचा आवाज सगळ्यांच्या वर. "वहिनी, ही आपल्याच घराला काडी लावायची बात झाली!"

मी म्हटलं, बाबा, तुझंच घे. तुझ्या वडिलांची तिथी चैत्र वद्य. तू मार्चअखेरीस केलंस. तेव्हा आपला फाल्गुन होता.

त्याने बोटांवर महिने मोजले. मग अगदी लहान आवाजात, "म्हणजे बाबांचं... झालंच नाही? पहिलंच होतं, वहिनी."

 काकांची मान त्याच्या आवाजाकडे वळली. बराच वेळ तशीच राहिली. मी म्हटलं, काका, तुम्हीच सांगा. आज सकाळी स्नानाच्या संकल्पात महिना कुठला उच्चारलात? आषाढ की ज्येष्ठ?

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. म्हणाले, "यंत्र चुकत नाही. पंचवीस म्हटलंय ना? मग लीलाचं पंचविसालाच."

"काका!"

"झालं बोलून. चपला घाला आता."

बिंदुमाधवचा जीव असा भांड्यात पडला! मग पुन्हा चढला माझ्यावर, दुप्पट जोराने. "ऐकलंत? खुद्द काका सांगताहेत!" त्याला शेअर वाचल्याचा आनंद. सगळ्यांनाच. घरी येताना हे पुढे, मी मागे. गल्ली इतकी अरुंद की बरोबरीने चालणं तसंही जमलं नसतं.

२३ जून

ह्यांचं बोलणं बंद.

२४ जून

अजून बंद. देवश्री मध्ये बसून दोन्हीकडचे निरोप पोचवते. "बाबा पूछ रहे हैं, डब्यात काय आहे." भेंडी आहे म्हणावं.

काका असं का म्हणाले ते मला समजत नाही. समजत नाही असं तरी कसं म्हणू? चिठ्ठीवर नाव त्यांचं आहे, त्यांच्याही फळीवर शेअर आहेत. पण आयुष्यभर घटी-पळांवरून भांडलेला माणूस! क्षयतिथीच्या वादात साऱ्या ब्राह्मणांना गप्प बसवणारा! आज एका कंपनीसाठी बायकोचा महिना बदलतो?

२५ जून, बुधवार

गेले. जायला नको होतं, पण काकूला मूलबाळ नाही, मी नाही तर कोण जाणार? पहाटेपासून आचाऱ्याच्या हाताखाली होते. वडे, खीर, आमसुलाची चटणी, अळूची भाजी. काकूनेच शिकवलेलं सगळं. वड्याला तीळ किती आणि खिरीला वेलदोडा का नाही, तेसुद्धा. तिच्याच पानात वाढायचं आणि तेही चुकीच्या दिवशी! हात चालत होते, मन कशात नव्हतं.

काका सोवळं नेसून बसले. ताठ. मी दाराआड उभी राहून कान देऊन संकल्प ऐकला. मुद्दाम ऐकला. म्हटलं बघू, आता काय म्हणतात.

"ज्येष्ठमासे कृष्णपक्षे" म्हणाले!

स्पष्ट म्हणाले. तोंडात नाही पुटपुटले. म्हणजे ठाऊक आहे! पक्कं ठाऊक आहे. देवाला खरं सांगायचं आणि माणसांना खोटं. माझ्या हातातलं पातेलं खाली ठेवलं तेव्हा इतका आवाज झाला की आचारी दचकला.

पंगतीला सगळं मंडळ. बिंदुमाधव आग्रहाने वाढत होता. जेवून उठल्यावर कुणीतरी म्हणालं, "काकूंना ध्रुवांकचं फार कौतुक." खरं आहे. मशीनला ती 'आपली ठमाबाई' म्हणायची. म्हणून काय तिला कधीही जेवायला घालायचं?

काका विकले गेले. लिहिलं एकदाचं.

२९ जून, रविवार

बैठकीला गेले नाही. हे गेले. आल्यावर म्हणाले, "कुणी तुझं नाव काढलं नाही." म्हणजे काढलं.

१ जुलै

कॉलेज उघडलं. वर्गात पंखा नाही. लघुगणक शिकवताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मशीन है तो ये सब काहे?" मी म्हटलं, मशीन चुकलं तर कळावं म्हणून, बेटा. सगळ्या हसल्या.

परतताना किराण्याच्या दुकानात काका दिसले. तीळ घेत होते. परवा श्राद्धालाच घेतले होते की! दुकानदार म्हणाला, "पंडितजी आजकल तिलवा बहुत ले जा रहे हैं।" मी मागच्या मागे वळले. बोलायचं नव्हतं.

४ जुलै, शुक्रवार

ज्येष्ठी अमावास्या. मी पुन्हा मुद्दाम लिहिते, ज्येष्ठी!

आमच्या गच्चीवरून पाहिलं, काका सकाळी घाटावर उतरले ते दुपार कलली तरी वर येईनात. शेवटी देवश्रीला पाठवलं. हात धरून घेऊन आली. पंचा ओला, ओठ सुकलेले. "आई, पागल हो गए हैं क्या? घाटावर बसून नुसते पाणी सोडत होते. मी म्हटलं, आजोबा, कोणाला? तर म्हणाले, आहेत पुष्कळ."

एवढ्या उन्हात! पण माझ्याकडून सरबतसुद्धा गेलं नाही. मी पाठवलंच नाही.

८ जुलै

बिंदुमाधव आला होता. नवे शेअर घ्यायचे तर मंडळाने एकत्र अर्ज करू, असा ह्यांना सल्ला. मी चहा ठेवला आणि आत बसले. जाताना दारातून म्हणाला, "वहिनी, राग नका धरू. पण सांगू का, ते तुम्ही म्हणालात ते रात्री ताटावर बसल्यावर पुन्हा आठवलं. काका बोलले होते म्हणून घास उतरला."

म्हटलं, बरं झालं बाबा, घास उतरला ते.

तो गेल्यावर वाईट वाटलं. पोर आहे. वडील जाऊन वर्ष झालंय.

१२ जुलै

हे पुण्याला निघाले. रेल्वेचा पास आहे म्हणून, नाहीतर एवढ्या लांब सभेला कोण जातं? बरोबर लाल पेढ्यांचा मोठा डबा, संचालकांसाठी. इस्त्रीचा सदरा वेगळा ठेवला, सभेसाठी. मी कॅन्टला सोडायला गेले. गाडी सुटताना म्हणाले, "तुझा तो महिन्याचा प्रश्न... विचारतो तिथे. उंबऱ्याच्या आतच आहे की ते. पुणं म्हणजे काय बाहेर?"

किती दिवसांनी माझ्याशी धड बोलले! मला रडूच आलं. थकव्यानेही असेल.

१६ जुलै

दोन दिवस ताप. देवश्रीने खिचडी केली. करपली. खाल्ली.

२० जुलै, रविवार

हे आले. अंघोळ, जेवण, झोप. एक अक्षर नाही. हातात कंपनीने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. त्यावर ध्रुवांकचं चिन्ह. ते खोक्यातून काढलंच नाही.

गुरुपौर्णिमा. मंडळ काकांच्या पाया पडायला गेलं. आम्ही दोघंही नाही गेलो.

२१ जुलै, सोमवार

आज सांगितलं. भाजी निवडत होते, शेजारी येऊन बसले आणि आपणहून शेंगा सोलायला लागले.

सभेला मोठा मंडप. हे पुढच्या रांगेत. हात वर केला, माईक मिळाला. म्हणाले, "मी काशीहून आलोय." टाळ्या पडल्या. मग महिन्याचं सांगितलं. टाय लावलेला एक तरुण अधिकारी उठला. कागद चाळून म्हणाला, वाराणसी आमच्या उत्तर विभागात येतं, तिकडे हिंदी महिना लागतो, म्हणून ती फ्लॉपी. तिथे मराठी माणसं असतात?

"मी म्हटलं, अहो, मी उभा आहे की समोर! सगळे हसले गं. चांगल्या मनानेच हसले. दोनशे वर्षं झाली आम्हाला तिथे, म्हटलं. अजून हसले."

मग त्या मुलाने भर सभेत वाचून दाखवलं. वाराणसी, चार वर्षांत एकही तक्रार नाही. सर्वांत समाधानी ग्राहक! आणि ह्यांना मंचावर बोलावून ते घड्याळ दिलं. पेढ्यांचा डबा चहाच्या टेबलावर कुणीतरी फोडला होता. कुणी आणलेत म्हणून कुणी विचारलं नाही.

"आपण त्यांना सांभाळून घेत होतो," हे म्हणाले. "त्यांना वाटलं, आपण मजेत आहोत."

मी काय बोलणार? एवढ्या दिवसांचा राग होता, वाटलं होतं हे कबूल करतील त्या दिवशी चांगलं सुनावीन. शेंगा संपेपर्यंत दोघं सोलत राहिलो. नंतर ह्यांनी मशीन पुसलं, त्यावर काकूने शिवलेलं फुलाफुलांचं आवरण घातलं आणि म्हणाले, "रविवारी मी सांगतो सगळ्यांना. काकांसमोर. मग काय व्हायचं ते होवो."

२३ जुलै, बुधवार

उद्या आषाढ वद्य पंचमी. खरी.

एक गोष्ट ठरवली. काकांशी बोलायचं नाही, पण काकूला उपाशी ठेवायचं नाही. थोडी खीर करीन, दोन वडे, आणि सकाळी घाटावर जाऊन गंगेला वाहीन. मला अधिकार नाही, मंत्र येत नाहीत. नसू देत. तिला माझ्या हातची खीर ओळखता येईल.

काका ओसरीवर बसून जानवं करतील उद्या. नाहीतर झोपतील. त्यांचं श्राद्ध झालंय!

२४ जुलै

खीर घेऊन उतरले. गंगा चढलीये, खालच्या पायऱ्या दिसत नाहीत. पाण्याच्या कडेला काका बसलेले. समोर पिंड मांडलेले, एक ओळ आणि तिच्या शेवटी जरा बाजूला एक. खाली दर्भ कमी पडले असावेत, म्हणून प्रिंटरच्या कागदाच्या त्या भोकांच्या पट्ट्या अंथरल्या होत्या.

"लतिका ना? खिरीचा वास आला. ठेव तिच्यापाशी, शेवटचा तिचा."

खीर तिथे ठेवली. बाकीचे कुणाचे, विचारलं.

"ज्यांचं माझ्या नावच्या चिठ्ठीने चुकलं त्यांचे. जसजशी तिथी येते तसं करतोय. आधीची गेलेली अमावास्येला उरकली. माझ्या घरचं तेवढं बरोबर करून घेतलं असतं, तर त्या पोराला कुठल्या तोंडाने सांगितलं असतं? आधी त्यांच्या माणसांना जेवू घालतो. मग घरोघर जाऊन सांगेन, पाय धरून. पण एक अडलंय बघ. बिंदुमाधवाच्या वडिलांचं गोत्र आठवतं, नाव आठवेना. अमावास्येला नुसतं 'बिंदुमाधवाचे वडील' म्हटलं. पोचलं असेल का गं?"

"विष्णु," मी म्हटलं. "विष्णु नाव होतं, काका."

त्यांनी ओंजळीत तीळ घेतले. मी त्यांचा हात धरून पाण्यापर्यंत नेला.